टकला कूपर बरोबर होता

दर पावसाळ्यात एकदा तरी मी तो सिनेमा लावतो आणि दर वेळी बायको आतून येऊन स्क्रीनकडे एक नजर टाकते आणि म्हणते, परत तेच का? परत तेच. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', जॉर्ज रोमेरोचा, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या थोडा वर. आम्ही राहतो डोंबिवलीत, म्हणजे ज्या गावावर २०२२ साली 'झोंबिवली' नावाचा अख्खा मराठी सिनेमा निघाला तिथे, त्यामुळे झॉम्बी, म्हणजे मेल्यावर उठून माणसं खात फिरणारे, हा विषय आपल्याकडे तसा घरचाच आहे असं मी तिला सांगून बघितलं, पण ते काही चाललं नाही.

खरं तर मी हॉररवाला माणूस नाहीच. दार करकरलं की उशी तोंडावर घेणाऱ्यातला. पण या सिनेमाची सुरुवातच अशी आहे की भीती वाटायच्या आधी हसू येतं. बार्ब्रा आणि जॉनी, बहीण-भाऊ, वडिलांच्या कबरीवर फुलांचं चक्र वाहायला गाडी चालवत लांबून आलेत आणि जॉनी कुरकुरतोय. आईच्या हट्टापायी एवढं यायचं, मला तर बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही, आणि हे चक्र, दरवर्षी पैसे मोजून आणायचं आणि पुढच्या वर्षी बघावं तर गायब, तो राखणदार तेच पुसूनबिसून परत विकत असणार, हे एकच चक्र आपण आतापर्यंत किती वेळा घेतलं असेल काय माहीत! देवळासमोरच्या दुकानातून नारळ घेऊन देवापुढे ठेवताना हाच हिशेब ज्याच्या डोक्यात येऊन गेला नाही असा माणूस दाखवा. आणि हे चालू असताना मागे लांबवर एक उंच माणूस चालत येतोय, कोटबिट घातलेला, चाल जरा अडखळती, आपल्याला वाटतं आला असेल कुणाच्या तरी कबरीवर. जॉनी बहिणीला चिडवतो, बघ तो तुला न्यायला येतोय, आणि ती बिचारी ओशाळून त्या माणसाची माफी मागायला पुढे होते. पुढच्या अर्ध्या मिनिटात जॉनीचं डोकं थडग्याच्या दगडावर आपटलेलं असतं.

ही सगळी मंडळी पिट्सबर्गची. पेनसिल्व्हेनियातलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर, हॉलिवूडचा काही संबंध नाही. रोमेरो आणि त्याच्या मित्रांची जाहिरातपट बनवायची छोटी कंपनी होती, बिअरच्या, साबणाच्या जाहिराती करायचे, आणि लहान मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी टॉन्सिलच्या ऑपरेशनवर फिल्मही केली होती (तीच आपण केलेली सगळ्यात भीतिदायक फिल्म असं रोमेरो गमतीने सांगायचा). मग यांनी दहा जण जमवले, प्रत्येकी ६०० डॉलर काढले आणि कंपनीचं नाव ठेवलं 'इमेज टेन'. आपल्याकडे भिशी लावतात त्या चालीवर सिनेमा. नंतर आणखी लोकांना पटवून पटवून एकूण खर्च गेला सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर. शूटिंग १९६७ मध्ये, शहराच्या उत्तरेला इव्हान्स सिटी नावाच्या गावाजवळ, एका शेतघरात, जे तसंही पाडायचं होतं म्हणून मोडतोड करायची मुभा मिळाली. त्या घरात नळाला पाणी नव्हतं. घराचं तळघरही कामाचं नव्हतं, म्हणून सिनेमात दिसतं ते तळघर यांच्या ऑफिसच्या इमारतीखालचं आहे.

रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. काळ्यापांढऱ्यात कोण बघतंय! आणि मेलेले लोक जे हाडं-आतडी चघळताना दिसतात ती खरीच, जनावराची, कारण पैसे घातलेल्यांपैकी एकाचा मटणाचा धंदा होता. जॉनीचं काम करणारा रसेल स्ट्रायनर आणि कूपरचं काम करणारा कार्ल हार्डमन, म्हणजे सिनेमात जो पहिला मरतो तो आणि जो सगळ्यांशी भांडतो तो, हे दोघंच सिनेमाचे निर्माते. कूपरची आजारी मुलगी ही हार्डमनची सख्खी मुलगी. कूपरच्या बायकोचं काम करणारी मॅरिलिन ईस्टमन ही त्याची धंद्यातली भागीदार, ती मेकअपचंही बघायची, आणि झाडावरचा किडा तोंडात टाकणारी मेलेली बाईसुद्धा तीच. गाडी होती स्ट्रायनरच्या आईची, शूटिंगच्या दरम्यान ती कुणीतरी ठोकली, पोचा पडला, आता तो लपवायचा कसा, तर गोष्टीतच बार्ब्राची गाडी झाडावर आदळवली. आमच्या गणपतीच्या नाटकात एकदा पडदा पडलाच नाही म्हणून मेलेल्या पात्राला उठून चालत विंगेत जावं लागलं होतं, त्याची आठवण येते.

पैसे नव्हते म्हणूनच कसं सोनं झालं वगैरे मला म्हणायचं नाही, ते लोक उगाच म्हणतात. पैसे नव्हते म्हणून काही गोष्टी वाईटच झाल्यात. संगीत तयार रेकॉर्डांमधून उचललेलं आहे आणि कधीकधी साध्या प्रसंगाला असं काही वाजतं की आता आभाळ कोसळणार. टॉम आणि ज्युडी हे तरुण जोडपं एकमेकांशी बोलतं तेव्हा मी चहा टाकायला उठतो. पण एक मात्र आहे, त्या काळ्यापांढऱ्या खरखरीत चित्रामुळे हे सगळं बातम्यांसारखं दिसतं. घरात टीव्ही सापडतो, सगळे त्याच्यासमोर बसतात, आणि टीव्हीवरचा तो बातमीदार पिट्सबर्गच्या टीव्हीवरचाच खरा माणूस, बिल कार्डिल. एक डॉक्टर अगदी कोरड्या आवाजात सांगतो की कुणी मेलं तर ताबडतोब बाहेर नेऊन जाळा, अंत्यविधीबिधी विसरा, तेवढा वेळ नाही. २०२० च्या आधी मी या वाक्यावरून सरळ पुढे जायचो. आता तिथे जरा थांबायला होतं.

मला सगळ्यात आवडतो तो खिळे ठोकायचा भाग. बेन नावाचा माणूस त्या घरात येतो, बाहेर अंगणात मेलेले लोक जमायला लागलेत, आणि हा पठ्ठ्या काय करतो, तर स्वयंपाकघरातले खण उपसून हातोडी आणि खिळे शोधतो आणि कामाला लागतो. दारं बिजागरीतून काढतो, जेवणाचं टेबल उलटं करून पाय तोडतो, इस्त्रीचा फळकूटसुद्धा सोडत नाही, एकेक तुकडा खिडकीला लावून बघायचा, बसला तर ठोकायचा, नाही बसला तर दुसरा. मध्येच थांबून हाताने दाबून बघतो, पक्कं झालं का. बार्ब्रा तिकडे सोफ्यावर शून्यात बघत बसलेली, रेडिओ चालू, आणि ठक ठक ठक. कुणी ओरडत नाही, कुणी उडी मारून येत नाही. बराच वेळ नुसतं सुतारकाम चालतं आणि आपण श्वास रोखून बघतो, कारण घर बंद करणं हे काम आपल्याला कळतं. आमच्याकडे पडद्याचा रॉड लावताना माझे दोन खिळे वाकले आणि तिसऱ्याला प्लास्टर आलं, त्यामुळे बेनबद्दल मला वेगळाच आदर आहे.

आणि एवढं सगळं झाल्यावर तळघराचं दार उघडतं आणि आतून लोक बाहेर येतात! म्हणजे हे इतका वेळ खालीच होते, ठोकाठोकी ऐकत होते, बार्ब्राच्या किंकाळ्या ऐकत होते आणि दार लावून बसले होते. त्यांचा म्होरक्या हॅरी कूपर, टकला, घामाघूम, तापट. त्याचं म्हणणं एकच, तळघरात चला, एकच दार आहे, ते आतून अडकवलं की संपलं. बेन म्हणतो तळघर म्हणजे उंदराचा पिंजरा, आत शिरले तर पळायला जागा नाही, वर निदान खिडक्या आहेत. यावरून जे भांडण पेटतं ते सिनेमा संपेपर्यंत चालतं. मेलेले बाहेर उभे आहेत आणि आत चर्चा काय, तर वर कुणाचं चालणार आणि खाली कुणाचं, बेन तर सरळ सांगतो की तू खालचा बॉस हो, वरचा मी. कूपरची बायको हेलन नवऱ्याला जे ऐकवते ते तर कुठल्याही घरात फ्रेम करून लावावं. तुझंच खरं आणि बाकी सगळ्यांचं खोटं हे ठरणं किती महत्त्वाचं ना तुला, असं ती म्हणते, आणि नंतर म्हणते की एकत्र राहण्यात आपल्याला मजा नसेल, पण एकत्र मरून काही सुटणार नाहीये.

लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागचं गेट उघडं ठेवायचं की बंद यावर तीन आठवडे महाभारत झालं. पेपरवाल्यापासून सुरुवात झाली आणि २००९ सालच्या पाण्याच्या टाकीच्या खर्चावर गाडी गेली. तेव्हा रात्री मी हा सिनेमा परत लावला आणि पहिल्यांदा मला त्यात सगळेच ओळखीचे दिसले.

आपल्याकडच्या भुतांचं कसं असतं, प्रत्येकाला नाव आहे, गाव आहे, तक्रार आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस अमुक वाटेवर. आजी सांगायची त्या प्रत्येक भुताचं काहीतरी राहून गेलेलं असायचं, लग्न, मूल, जमिनीचा तुकडा. ते दिलं, नारळ फोडला, भगताला बोलावलं की मामला मिटायची शक्यता तरी असायची. रोमेरोच्या मेलेल्यांना काहीच नकोय. राग नाही, सूड नाही, नुसती भूक. सिनेमात त्यांना झॉम्बी असंही कुणी म्हणत नाही, एकदासुद्धा नाही, 'घूल' म्हणतात, तो शब्द मुळात अरबी. शुक्राहून परतणाऱ्या यानातल्या रेडिएशनमुळे हे झालं असं टीव्हीवर काहीतरी सांगतात पण तिथेही शास्त्रज्ञ आणि लष्करवाला आपसात हुज्जत घालतात. म्हणजे वॉशिंग्टनमध्येसुद्धा वर की खाली चालूच!

बेनचं काम केलंय ड्युएन जोन्सने. तो काळा होता आणि हे १९६८ साल, पण सिनेमात त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. लिहिताना बेन म्हणजे एक रांगडा ट्रकवाला होता, जोन्स शिकलेला, नाटकातला माणूस, त्याने ती रांगडी भाषा बदलून घेतली. कूपर त्याच्यावर एवढा खार का खातो हे सिनेमा सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे ते जास्तच ऐकू येतं. शेवटी मेलेले घरात घुसतात. कूपर बेनच्या गोळीने जातो, त्याची पोरगी मरून उठते आणि आईला खुरप्याने मारते, आणि मेलेल्यांच्या गर्दीतून बार्ब्राला ओढायला जो हात येतो तो जॉनीचा, गाडी चालवायचे हातमोजे अजून घातलेलेच. एकटा बेन उरतो आणि जातो कुठे, तर तळघरात. दार लावून. आणि वाचतो! सकाळी शिकारी कुत्री आणि बंदुका घेऊन गावकऱ्यांची टोळी येते, बेन आवाज ऐकून वर येतो, खिडकीतून बघतो, आणि ते त्याला मेलेल्यातलाच समजून कपाळात गोळी घालतात. पुढे हलणारं चित्रच नाही, नुसते फोटो, वर्तमानपत्रातल्यासारखे दाणेदार. आकड्या हातात घेतलेली माणसं, ओढून नेलेला बेन, लाकडांचा ढीग. एका वितरकाने म्हणे बेनला जिवंत ठेवा असं सुचवलं होतं, यांनी ऐकलं नाही. तयार प्रिंट गाडीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला निघाला त्या रात्री रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातल्याची बातमी लागली, हे तो पुढे बऱ्याच मुलाखतींत सांगायचा. ४ एप्रिल १९६८. सिनेमा पडद्यावर आला ऑक्टोबरमध्ये.

आणि एवढं करून या लोकांच्या हाती फार काही लागलंच नाही. आधी सिनेमाचं नाव वेगळं होतं, वितरकाने ते बदलून नवीन पाटी टाकली आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. एका ओळीपायी सिनेमा सगळ्यांचा झाला, वाट्टेल त्याने कॅसेटी काढल्या, टीव्हीवर मध्यरात्री दाखवला, रंगवून विकला. माझ्या हातात तो पहिल्यांदा आला तोही असाच, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतलेल्या 'दहा हॉरर एकात' डीव्हीडीवर, चित्र इतकं काळं की मेलेले कोण आणि झाडं कोण कळत नव्हतं. आता नेटवर स्वच्छ केलेली प्रत फुकट मिळते, कायदेशीर फुकट, आणि झाडांची पानंसुद्धा दिसतात, तरी मला ती काळी प्रतच जास्त खरी वाटते, पण ते माझं म्हातारपण असेल.

यंदा बायको शेंगा सोलायला घेऊन बसली आणि चक्क शेवटपर्यंत बसली. भांडण सुरू झाल्यावर दोन मिनिटांत म्हणाली, अरे तो टकला बरोबर बोलतोय. मी म्हटलं, तो व्हिलन आहे. ती म्हणाली, असू दे ना व्हिलन, बोलतोय बरोबर. आणि शेवटी बेन तळघरात गेला तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, शेंगांची टरफलं गोळा करत. मी वीस वर्षं हा सिनेमा बघतोय आणि बेनच्या बाजूने बघतोय. खिळे ठोकणारा, उजेडात उभा राहणारा माणूस, त्याचंच बरोबर असणार, हे मी धरूनच चाललो होतो. तसं बघितलं तर कूपरच्या त्या बिचाऱ्या पोरीला मेलेल्यांपैकी एक जण आधीच चावला होता, म्हणजे सगळे खाली गेले असते तरी घोळ झालाच असता, हा मुद्दा मी जोरात मांडला.

"ते वेगळं," ती म्हणाली. "दाराचं म्हणणं बरोबर होतं त्याचं."

मग मी विचारलं, समज आपल्याकडे झालं असं काही, तर आपण कुठे जायचं? तिसरा मजला, तळघर नाही, खाली पार्किंग, खिडक्यांना ग्रिल.

"माळ्यावर," ती म्हणाली, विचारसुद्धा न करता. "पण आधी तो कूलरचा खोका काढ तिथला. गेल्या दिवाळीपासून सांगतेय."

मी म्हटलं, तो खोका वॉरंटीसाठी ठेवलाय.

"कूलर विकून दोन वर्षं झाली," ती म्हणाली.