नेमोचा साइडबार मोकळा झाला, पण क्लोनने नवा पेच टाकला

काल रात्री नेमो या लिनक्स मिंटच्या फाइल मॅनेजरच्या डाव्या यादीत फक्त माझ्या कामाचे ड्राइव्ह उरले! सिस्टम रिझर्व्ड (विंडोजने सुरू होण्यासाठी राखलेला डिस्कचा छोटा भाग, म्हणजे पार्टिशन) गेलं, लॅपटॉप कंपनीची टूल्स गेली, ते निनावी ‘१०५ एमबी व्हॉल्यूम’सुद्धा गेलं. बराच वेळ नुसता त्या यादीकडे बघत बसलो.

माझं मशीन तुम्हाला माहीतच आहे, जुन्या डिस्कांचं वसतिगृह. मिंट एसएसडीवर, आणि शेजारी विंडोज ७ च्या काळातल्या एमबीआर (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) डिस्क. जीपीटी या नव्या पद्धतीवर हा त्रास फारसा होत नाही. ईएफआय आणि विंडोज रिकव्हरी या पार्टिशनांचे टाइप ठरलेले असतात, ते युडिस्क्सच्या (डिस्क डेस्कटॉपला दाखवणारी लिनक्सची सेवा) नियमांत आधीच नोंदलेले आहेत, त्यामुळे ती आपोआप झाकली जातात. एमबीआरवरच्या १०० एमबीच्या सिस्टम रिझर्व्डचा टाइप मात्र ०७, म्हणजे विंडोजच्या साध्या एनटीएफएस फाइल सिस्टमचाच. ठरावीक लेबल नसेल तर युडिस्क्सने ते ओळखायचं कसं?

कायम माउंट (वापरासाठी जोडलेल्या) असणाऱ्या पार्टिशनांसाठी एफस्टॅब या माउंटच्या यादीतलं ‘एक्स-जीव्हीएफएस-हाइड’ उत्तम, बॅकअपचं पार्टिशन मी तसंच लपवलंय. पण जे कधी माउंटच करायचं नाही, त्याची ओळ एफस्टॅबमध्ये कशाला? म्हणून युडेव्हचा (उपकरणं ओळखणारी लिनक्सची यंत्रणा) नियम: यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळख क्रमांक) जुळला की ‘युडिस्क्स_इग्नोर’ (सगळी कॅपिटल अक्षरं) ची किंमत १.

आणि हा नियम काही केल्या लागू होईना. युडेव्हच्या नोंदी दाखवणारं ‘युडेव्हएडीएम इन्फो’ चालवलं तर यूयूआयडी समोर दिसतोय, सोळा अक्षरी, नियमातल्याशी तंतोतंत जुळणारा. नियम रीलोड केले, ट्रिगर दिला (म्हणजे ते पुन्हा चालवले), रीबूट केलं. पार्टिशन जागच्या जागी! अक्षरं लहान-मोठी झाली असतील म्हणून तेही तपासलं, कारण एनटीएफएसचा यूयूआयडी कॅपिटलमध्ये असतो आणि युडेव्ह त्याबाबत काटेकोर आहे. तिथेही सगळं ठीक.

उलगडा झाला नियम क्रमाने चालवून दाखवणाऱ्या ‘युडेव्हएडीएम टेस्ट’ने. नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, आणि मला मिळालेल्या तयार नियमाची फाइल १० ने सुरू होत होती. यूयूआयडी शोधून नोंदवण्याचं काम ‘६०-पर्सिस्टंट-स्टोरेज’ करतं. म्हणजे माझा नियम तपासला जात होता तेव्हा ती किंमत रिकामी होती. ‘इन्फो’ मात्र सगळे नियम संपल्यानंतरचं चित्र दाखवतं, म्हणून तिथे ती भरलेली दिसायची. फाइलचं नाव ९९ ने सुरू केलं, ट्रिगर दिला आणि पार्टिशन डोळ्यांदेखत गायब झालं. काय आनंद झाला म्हणून सांगू! अशा कामाला ‘टेस्ट’सारखं साधन नाही. आधी तेच चालवा.

तुमच्यापैकी काहींनी थुनार आणि डॉल्फिन या फाइल मॅनेजरांमध्ये राइट क्लिक करून लपवायला सुचवलं होतं. एकच फाइल मॅनेजर वापरत असाल तर सोपं आहे. मी तीन डेस्कटॉपांवर फिरतो, म्हणून मला ते खालच्या थरावरच झाकलेलं हवं.

आता क्लोनचं. फोटोंच्या डिस्कची डीडी या आज्ञेने काढलेली हुबेहूब प्रत जोडली, तर तिच्यातलंही सिस्टम रिझर्व्ड लपलं. हे छानच. पण प्रतीतलं फोटोंचं पार्टिशन लपवायला गेलो तर मूळचंही लपलं! साहजिकच, दोघांचा यूयूआयडी एकच. ‘एनटीएफएसलेबल’ या आज्ञेने नवा सिरियल (म्हणजेच यूयूआयडी) देता येतो, पण मग प्रत हुबेहूब राहत नाही, आणि मला ती तशीच हवी आहे. म्हणून आता ओळख डिस्कच्या हार्डवेअर सिरियलवरून आणि पार्टिशनच्या क्रमांकावरून.

हे लिहिता लिहिताच सुचलं: एकेक पार्टिशन कशाला लपवायचं? जुन्या डिस्कांच्या सिरियलवर सरसकट १ लावायचा आणि हव्या त्या पार्टिशनला खालच्या ओळीत ० द्यायचा. नंतरची ओळ आधीचीवर मात करते. यादी निम्म्याने लहान होईल, आणखी एखादी जुनी डिस्क आली तर एकच ओळ वाढेल.

अडचण एकच. माझा स्वस्तातला यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडायचं उपकरण) डिस्कऐवजी स्वतःचाच सिरियल पुढे करतो, त्यात कुठलीही डिस्क घातली तरी ओळख तीच. या कामाला असले डॉक घेऊ नका. डॉकवरच्या दोन डिस्क मी सरळ मदरबोर्डच्या साटा पोर्टवर हलवतोय, आणि सरसकट नियम त्यानंतरच लिहीन.