जाळी काढायचं कुणी ठरवलं?

रविवार, रात्री साडेअकरा

चार्टर्ड इंजिनीअर होण्यासाठी द्यायच्या रिपोर्टचा तिसरा मसुदा मेंटरकडून परत आला. ५,००० शब्दांची मर्यादा आहे आणि मी काठोकाठ आलेय. लाल खुणा बऱ्याच आहेत, पण एक डोळ्यासमोरून हलत नाही. दुसऱ्या पानावर मी इंग्रजीत जे लिहिलं होतं ते मराठीत असं होईल : 'मोरीच्या तोंडावरील जाळी कायमची काढून टाकण्याचे ठरवण्यात आले.' (मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारी नळी.) त्या वाक्याभोवती लाल गोल, आणि समासात एवढंच : कुणी?

जेवताना, भांडी घासताना तो 'कुणी' डोक्यात होता. कारण उत्तर 'मी' असं आहे, आणि ते लिहायला हात धजावत नाही.

घरच्यांना मी हे काय चालवलंय ते अजून नीट कळलेलं नाही. आईला वाटतं मी पुन्हा परीक्षेला बसतेय. तसं म्हटलं तरी चालेल, पण ही परीक्षा घोकून देण्यातली नाही. इंग्लंडात इंजिनीअर कुणीही म्हणवून घेऊ शकतो, त्या शब्दाला कायद्याचं कुंपण नाही. 'चार्टर्ड इंजिनीअर' मात्र तुम्ही आपल्या मनाने होऊ शकत नाही. त्यासाठी आपल्या शाखेच्या संस्थेपुढे, आमच्या सिव्हिलवाल्यांच्या बाबतीत १८१८ साली लंडनच्या एका कॉफी हाऊसमध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सपुढे, स्वतःची कुवत सिद्ध करावी लागते. सात कसोट्या आहेत : इंजिनीअरिंगची समज आणि तिचा प्रत्यक्ष वापर, कामाचं नेतृत्व, पैशाचा व्यवहार, सुरक्षितता, शाश्वत विकास, संवाद, आणि व्यवसायाशी बांधिलकी. आधी रिपोर्ट द्यायचा. मग दोन अनुभवी इंजिनीअर समोर बसतात, १५ मिनिटं तुम्ही बोलायचं आणि त्यानंतर ते विचारतील त्याला उत्तर द्यायचं.

पदवीचं प्रकरण वेगळंच झालं. इंजिनीअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मानण्याच्या वॉशिंग्टन करारात भारत पूर्ण सदस्य म्हणून आला २०१४ साली, माझी सांगलीची पदवी २०१२ ची. त्यामुळे आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम पाठवून ती स्वतंत्र तपासून घ्यावी लागली. त्यात बरेच महिने गेले, पण ते कागदाचं काम होतं. कागद गोळा करता येतात. 'मी' लिहिणं अवघड जातंय.

मंगळवार

आज अण्णांना फोन केला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. ताकारी, म्हैसाळच्या कालव्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही कधी 'मी केलं' असं लिहिलंत का हो?"

"कशात?"

"सरकारी कागदात."

थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "पत्रात न्हाई लिहायचो. पत्रात 'करण्यात आले', 'कळविण्यात येते'. पण एम.बी.त लिहायचोच की. तिथं दुसरं काय लिहिणार?"

एम.बी. म्हणजे मेझरमेंट बुक. लहानपणी मी ती लांबट वही घरी पाहिली आहे, पण हात लावायची मुभा नव्हती. प्रत्येक पानावर छापील आकडा, पान फाडायचं नाही, खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा आणि त्यावर सही करायची. खोदाई किती, काँक्रीट किती, ते टेप लावून मोजायचं आणि खाली लिहायचं की ही मोजमापं मी स्वतः अमुक तारखेला जागेवर घेतली. ठेकेदाराचं बिल त्या सहीवर निघायचं. वरचे साहेब येऊन त्यातली काही मोजमापं पुन्हा घ्यायचे. आकडा चुकला तर जबाब अण्णांनी द्यायचा, खात्याने नव्हे.

म्हणजे 'करण्यात आले' लिहिणारा माणूस आणि 'मी मोजलं' लिहिणारा माणूस एकाच टेबलाशी बसत होता. माझ्या इंग्रजीत उतरला तो पहिला. शाळेतले निबंध, कॉलेजचे प्रोजेक्ट रिपोर्ट, पुण्यातल्या पहिल्या नोकरीतली पत्रं, सगळीकडे तोच होता. त्यात वाईट काही शिकवलं नव्हतं. काम दहा हातांनी होतं, एकाने मिरवू नये, हा संस्कार मला आजही पटतो. पण परीक्षकांना मिरवणं नकोच आहे. इतक्या माणसांत निर्णयाचं ओझं नेमकं कुणाच्या डोक्यावर होतं, आणि त्या माणसाला ते कळत होतं का, एवढंच त्यांना बघायचंय. दुसऱ्याचं काम 'मी' म्हणून लिहिणं ही चोरी. आणि आपला निर्णय 'ठरवण्यात आले'च्या मागे ठेवणं? आज तरी मला तो पळ वाटतो.

बुधवार, पहाटे

झोप येत नाही, तर मोरीचंच सगळं लिहून टाकते.

वेस्ट यॉर्कशरमध्ये काल्डर नदीच्या खोऱ्यात एक ओढा रस्त्याखालून जातो. मोरी १.२ मीटर व्यासाची, १८ मीटर लांब, सरळ. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा उजेड दिसतो. तोंडावर जुनी लोखंडी जाळी, गंजून वाकलेली. माझ्याकडे काम आलं ते जाळी बदलण्याचं. मी होती तशीच नवी जाळी कागदावर आखली : तेवढीच रुंदी, उभे बार, दोन बारांमधलं अंतर १४० मिलिमीटर, म्हणजे लहान मूल आत शिरणार नाही. ड्रॉइंग पूर्ण झालं, तपासणीलाही गेलं. जाळी हवी का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

नोव्हेंबरात जागेवर गेले तेव्हा सफाईची माणसं आली होती. त्यातला एकजण दाताळ्याने पानं ओढत होता. ओली पिवळी पानं बारांना एकावर एक अशी चिकटली होती की घोंगडीसारखा थर सुटून येत होता. वरच्या बाजूला पाणी गुडघाभर चढलेलं, खालच्या बाजूला पाऊल जेमतेम बुडेल एवढं. त्याने साफ केलं आणि पाणी सपकन उतरलं. मी तिथेच फोटो काढत, मापं घेत थांबले. तासाभरात बारांच्या खालच्या भागावर पुन्हा थर धरला होता. तो म्हणाला, रात्री पाऊस आला तर आम्ही येईपर्यंत रस्त्यावर पाणी असतं.

या खोऱ्यातल्या माणसाला असं वाक्य नुसतं ऐकून सोडता येत नाही. २६ डिसेंबर २०१५ ला काल्डरने हेब्डन ब्रिज आणि मायथमरॉइड ही गावं पाण्याखाली घातली होती. मी तेव्हा इथे नव्हते, पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या घरातही पाणी होतं. भिंतीवरची ती रेघ आईने अजून रंगवू दिलेली नाही.

ऑफिसात येऊन मी सफाईच्या नोंदी मागवल्या आणि सहकाऱ्याकडून पाण्याच्या प्रवाहाचं मॉडेल पुन्हा चालवून घेतलं : जाळी मोकळी, जाळी अर्धी तुंबलेली, जाळी दोन तृतीयांश तुंबलेली, आणि जाळीच नाही. वर्षात १ टक्का शक्यता असलेल्या पुराला, हवामानबदलाची वाढ धरूनही, मोकळी मोरी पाणी वाहून नेत होती. रस्त्यावर पाणी आणत होती ती जाळी. मुलांचा धोका तेवढा उरला. मोरी आखूड, सरळ, आत वळण नाही, अडकावं अशी जागा नाही. काठावर कुंपण घालता येत होतं. मी माझंच ड्रॉइंग मागे घेतलं आणि जाळी काढून टाकावी अशी शिफारस स्वतःच्या नावाने लिहिली. क्लायंटबरोबरच्या बैठकीत एकाने विचारलं, उद्या एखादं मूल आत गेलं तर? मी धोक्याचं मूल्यमापन पुढे ठेवलं, पण आवाज कापला होता माझा. तो प्रश्न योग्य होता. आजही पाऊस लागला की मला तो आठवतो.

आणि रिपोर्टात यातलं काय होतं? 'जागेची पाहणी करून पर्यायांचा अभ्यास करण्यात आला.' पहिलं चुकीचं ड्रॉइंग मी गाळलंच होतं. आधी वाटलं, कुवत दाखवायची तर चूक कशाला सांगायची. मेंटर काल म्हणाले, "तेच तर सांग. तू नेमकी कधी थांबलीस, हे मला इतर कुठल्याच पानावर दिसत नाही." नवी वाक्यं अशी झाली (इंग्रजीत अर्थात) : 'मी सुरुवातीला जाळी होती तशी बदलण्याचं ड्रॉइंग केलं. जागेवर सफाई पाहिल्यावर मी ते मागे घेतलं. जाळी काढण्याची शिफारस माझी. हायड्रॉलिक मॉडेल सहकाऱ्याने चालवलं. कोणत्या स्थिती तपासायच्या ते मी ठरवलं आणि निकाल मी तपासले.'

सहकाऱ्याचं काम सहकाऱ्याच्या नावावर घातलं तेव्हा कुठे 'मी' लिहिताना हात मोकळा झाला. हे मला अपेक्षित नव्हतं.

शनिवार

रात्रभर पाऊस. सकाळी गाडी काढून मोरीवर गेले, कुणी सांगितलं नव्हतं. पानं येत होती आणि सरळ आत जात होती. एक फांदी तोंडाशी आडवी झाली, फिरली, गेली. कुंपण शाबूत आहे, एका खांबाचा बोल्ट सैल वाटला; सोमवारी कळवायचंय. पलीकडच्या टोकाला स्टाफ (उभी मोजपट्टी) लावून गाळ मोजला, ६० मिलिमीटर. फोटोवर तारीख-वेळ घालून परिशिष्टात लावला.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. पाण्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"गाळ किती म्हणालीस?"

"साठ मिलिमीटर."

"मध्यावर का कडेला?"

मध्यावरच मोजला होता. कडेला मोजायचा राहिला. उद्या पुन्हा जाते.