नऊ ते सहा, घरी दोघंच

थोरला १४ वर्षांचा, धाकटीला बारावं लागलेलं. पाळणाघरात ठेवायला दोघं मोठी आणि दिवसभर एकटी सोडायला लहान. शाळेच्या सुट्टीतल्या शिबिराचं माहितीपत्रक दाखवलं तर धाकटीने एका नजरेत निकाल लावला, "तिथे सगळी बारकी पोरं असतात." आम्ही दोघंही नोकरी करणारे. दोघांच्या रजा एकापुढे एक जोडल्या तरी सुट्टीचा पाव भागसुद्धा भरत नव्हता.

पहिल्या वर्षी मी वेळापत्रक केलं. सातला उठणं, आठला वाचन, नऊला गणित, दहाला चित्रकला. रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर लावलं. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसातून फोन केला तेव्हा थोरला नुकताच उठला होता, धाकटी सकाळपासून मोबाइल घेऊन बसली होती आणि चार्जरवरून दोघांचं वाजलं होतं. मीटिंग सोडून मी जिन्यात उभी राहिले आणि अर्धा तास त्यांची समजूत काढली. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र दोघांवर खूप ओरडले. ते ओरडणं मला अजून खटकतं, कारण त्या कागदावरची एकही ओळ मी त्यांना विचारून लिहिली नव्हती.

उशिरा उठण्याला मी सरळ आळस म्हणत होते. पुढे त्यावर वाचलं तेव्हा कळलं की वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, शरीराचं घड्याळच तास-दोन तास मागे पडतं. आणि १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. साडेअकराला डोळा लागणाऱ्या मुलाला सातला उठवून मी त्याची झोपच तोडत होते. मग ठरलं, सुट्टीत साडेआठला उठायचं. बदल्यात रात्री दहानंतर चौघांचेही फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. चौघांचे म्हणजे माझासुद्धा, ही अट थोरल्याची. ती रास्त होती.

दुसऱ्या वर्षी सुट्टी लागायच्या तीन आठवडे आधी दोघांना समोर बसवलं आणि एकच विचारलं : मागच्या वेळी सगळ्यात नकोशी वेळ कुठली होती? मला वाटलं होतं कंटाळ्याबद्दल बोलतील. धाकटी म्हणाली, "तीन ते पाच. सगळं शांत असतं. मला भीती वाटते." वर्षभरात तिने हे कधी सांगितलं नव्हतं. थोरला म्हणाला, "तू दर तासाला फोन करतेस. म्हणजे तुझा आमच्यावर विश्वासच नाही."

म्हणून फोन एकच, दुपारी एक वाजता. त्याखेरीज त्यांनी मला कधीही करावा अशी कारणं तीन : कुणाला लागलं, गॅसचा किंवा कसला वास आला, दारात अनोळखी माणूस आलं. भांडण या यादीत नाही.

एका शनिवारी रंगीत तालीम केली. आम्ही दोघं मुद्दाम दोन तास बाहेर गेलो, पुढच्या शनिवारी चार तास. या तालमीने माझे डोळे उघडले. बाहेरून आल्यावर धाकटीला कुलूप उघडेना. चावी फिरवताना दार किंचित स्वतःकडे ओढावं लागतं, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की तिला सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि थोरल्याच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा लक्षात आलं की दोघांपैकी एकालाही आमचे नंबर पाठ नाहीत. शेजारच्या काकूंचा फोन मागितला असता तरी लावणार कुठे? त्या रात्री दोघांकडून ते घोकून घेतले, आणीबाणीच्या नंबरासकट. मुख्य स्विच कुठला, गॅस कुठून बंद करायचा, हेही त्यांच्याच हातून करून घेतलं. नुसतं तोंडी सांगितलेलं या वयात टिकत नाही. पाण्याबाबत मात्र सवलत नाही : मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पोहायला जायचं नाही, थोरल्याला कितीही चांगलं येत असलं तरी.

तीन ते पाचचा प्रश्न एकट्याने सुटणारा नव्हता. धाकटीच्या तीन मैत्रिणींच्या घरीही हीच ओढाताण होती. चार घरांनी वार वाटून घेतले. ज्याचा वार त्या घरातलं कुणीतरी अर्धी रजा टाकायचं किंवा घरून काम करायचं, मुली तिथे जमायच्या. माझ्या वाट्याला आठवड्यातून एकच दुपार आली. इतकी साधी गोष्ट आधी सुचली असती तर एक वर्ष वाचलं असतं.

थोरल्याला असं कुठे जायचं नव्हतं. त्याला मी काम सोपवलं, आणि खरं काम सोपवलं : घरातल्या चारही सायकली धावत्या ठेवणं. पहिलं पंक्चर त्याने काढलं तो रविवार होता म्हणून मला बघायला मिळालं. चाक उतरवलं, टायर रिमवरून सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरून बादलीतल्या पाण्यात तुकड्यातुकड्याने फिरवली. बुडबुडे दिसले तिथे पेनाने खूण. जागा पुसली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच चिकटवला. रात्रीपर्यंत चाकातली हवा पुन्हा गेलेली. सोल्युशन जरा सुकू द्यावं लागतं, हे तो दुसऱ्या खेपेला शिकला. तेव्हाच टायर आतून बोटांनी चाचपताना अडकलेला काटा हाताला लागला, नाहीतर नव्या पॅचशेजारी दुसरं भोक पडलंच असतं. मी जवळ बसून एक शब्द बोलले नाही. ते मला फार जड गेलं. चौथ्या आठवड्यात एकच्या फोनवर तो म्हणाला, "आई, नंतर कर, हात भरलेत."

रोज संध्याकाळी दोघं त्याच सायकलींवर बाहेर पडायची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल सांगते. तेवढी झाली की रात्री दहापर्यंत मोबाइल, गेम, काहीही. मिनिटं मोजत बसणं मी सोडून दिलं.

पाचव्या वारी, मैत्रिणी नसत तेव्हा, धाकटीची दुपार पुन्हा रिकामी होती. तिच्या हाती मी माळ्यावरची जुन्या फोटोंची पेटी दिली. मागे नाव नाही, साल नाही, असे शेकडो फोटो. ती एकेकाला क्रमांक द्यायची, मोबाइलवर टिपायची आणि बरोबर तीन वाजता आजीला व्हिडिओ कॉल लावायची. "आजी, ३८ नंबर, खुर्चीवर कोण बसलंय?" वहीत क्रमांक, नाव, नातं आणि शेवटच्या रकान्यात आजीने सांगितलेलं काहीबाही. आजीसुद्धा पावणेतीनपासून चष्मा लावून बसायची. एकदा मी लवकर घरी आले तर दार उघडायला कुणी येईना. आत दोघी एका फोटोतल्या लहान मुलावरून वाद घालत होत्या, हे आजोबा की त्यांचा भाऊ.

सुट्टी संपली तेव्हा २१४ फोटोंना नावं मिळाली होती. अकरा जण आजीलाही ओळखता आले नाहीत. ते फोटो धाकटीने वेगळ्या पाकिटात ठेवलेत आणि आजीच्या धाकट्या बहिणीचा नंबर मागून घेतलाय.