भूतानच्या शंभरात नेपाळचे किती?

गेल्या रविवारी मंगळवार पेठेतल्या घरी तांबडा-पांढरा रस्सा हाणून सगळे आडवे व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी कपाटातनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. पशुपतिनाथच्या यात्रेतनं उरलेल्या नेपाळी नोटा त्यात ठेवलेल्या, शंभराची गेंड्याची, पन्नासची हिमबिबट्याची आणि दहाची काळविटाची, एक-एकच. मेहुणा नुकताच भूतान फिरून आलेला, त्यानं पण लगेच पाकिटातनं शंभराची नोट काढून दाखवली. न्गुलट्रम म्हणतात त्याला, मेहुण्याची स्वतःची जीभ त्या शब्दाला तीनदा अडखळली ते सोडा. सातवीतला पुतण्या दोन्हीकडं बघत बसला आणि म्हणला, "काका, भूतानच्या शंभरात नेपाळचे किती येतील?"

साधा प्रश्न, म्हणून मोबाईल काढला. एका साईटवर दर १.५९ काहीतरी, दुसऱ्या साईटवर १.६० च्या जरा वर, आणि खाली ग्राफ तर करवतीच्या दातांसारखा, रोज वरखाली. मला शंका आली कारण ह्या दोन्ही देशांच्या पैशाची दोरी आपल्या रुपयाला बांधलेली आहे एवढं माहीत होतं. मग दुपारची झोप गेली ती गेलीच.

झालंय असं की भूताननं न्गुलट्रम काढला १९७४ ला, आणि तेव्हापासून तो आपल्या रुपयाला एकास एक. आपला रुपया तिथं उघड चालतोच. नेपाळचं गणित वेगळं, फेब्रुवारी १९९३ पासून आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. म्हणजे १ न्गुलट्रमला नेपाळी १.६०, विषय संपला, ३० वर्षं झाली तरी हललेला नाही. मग ते दात कुठनं आले? तर ह्या साईटी दोघांचा डॉलरचा दर घेऊन भागाकार मारतात, एक आकडा सकाळचा, दुसरा काल रात्रीचा, आणि मधल्या वेळात रुपया हलला की ग्राफला दात फुटतो. काठमांडू आणि थिंपूत त्या दिवशी कुणाला काही पत्ता पण नसतो!

खरी गंमत १९९३ च्या आधी आहे. तिथं दात नाहीत, पायऱ्या आहेत. १९६० ला नेपाळनं पहिल्यांदा हाच १६० चा दर धरला. जून १९६६ ला दिल्लीनं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरनं ७.५० वर गेला, नेपाळ मात्र जागचा हललाच नाही, त्यामुळं एका रात्रीत नेपाळी आणि भारतीय रुपया जवळपास बरोबरीला आले. विचार करा, काल १६० नेपाळी मोजून आपले १०० घेणारा व्यापारी आज शंभराच्या आसपासच देतोय. हे काय फार दिवस झेपलं नाही, डिसेंबर १९६७ ला त्यांनी पण अवमूल्यन केलं आणि दर १३५ वर आला.

न्गुलट्रम जन्मला तेव्हा दर १३९ होता. १९७८ ला १४५. मग सगळ्यात उंच पायरी, नोव्हेंबर १९८५, एकदम १७०, कारण नेपाळच्या परकीय चलनाची तिजोरी खाली झालेली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात कर्ज मागायला जायची वेळ आलेली. त्यानंतर उतरण, १६८, मग १९९१ ला आपल्याकडं मनमोहनसिंग अर्थमंत्री असताना रुपया घसरवला तेव्हा १६५, आणि शेवटी १६०, म्हणजे १९६० ला निघालेली गाडी फिरून त्याच स्टँडवर.

ह्या सगळ्यात भूताननं स्वतः काहीच केलं नाही हे बघा. त्यांचा दर नेपाळशी बदलला तो दरवेळी काठमांडूच्या निर्णयानं, नाहीतर दिल्लीच्या.

काकू ऐकत होत्या, त्यांना नाणेनिधी वगैरे काही नको होतं. म्हणल्या, "नेपाळात चहावाला पण आधी विचारायचा, भारू का नेरू? मी म्हणायची बाबा कुठलं पण घे, चहा दे." भारू म्हणजे भारतीय रुपया, नेरू म्हणजे नेपाळी, तिथला रोजचा शब्द आहे. मोठी नोट दिली की घेताना तोंड वाकडं करतात, आणि २०१६ च्या नोटबंदीत आपल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा तिथल्या लोकांच्या हातात अडकून पडल्या त्यावर तर त्यांचा राग समजू शकतो. तरी १६० चा दर तेव्हा पण हलला नाही.

आणि बट्टा पण आहे बरं का. नेपाळ राष्ट्र बँक, म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक, आपले १०० घेताना १६० देते आणि विकताना १६० रुपये १५ पैसे घेते. पंधरा पैसे! आमच्या सराफांच्या गुजरीत जुना दागिना मोडायला गेल्यावर ह्याच्या कितीतरी पट घट लागते.

तोवर पुतण्यानं डब्यातल्या तिन्ही नोटा सतरंजीवर लावल्या होत्या, गेंडा, हिमबिबट्या, काळवीट. बोटावर मोजलं, शंभर, दीडशे, एकशे साठ. आणि मेहुण्यापुढं सरकवत म्हणला, "बरोबर हाय, काढ तुझी."