रमाबाईंचं चर्चशी भांडण

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पण त्यानंतर त्यांचं चर्चवाल्यांशी किती वाजलं हे फारसं कुणी सांगत नाही आणि मला तर तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला सिस्टर लोकांच्या मठात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता झाल्या ना ख्रिस्ती, मग चर्च सांगेल ते सगळं मान्य करा, अशी तिथल्यांची अपेक्षा. पण बाई येशूला मानायला तयार, ट्रिनिटी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत, मात्र पटल्याशिवाय मानणार नाहीत! त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन, ज्यांना त्या प्रेमाने आजीबाई म्हणायच्या, त्यांच्याशी पत्रांतून नुसता वाद. इकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून टाकलं. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनच का, आमची संस्कृत काय वाईट, हेही विचारलं. मांस खायचं नाही हा नेमही सोडला नाही, तर तो म्हणे गर्व!

आणि इकडे पुण्यात काय? शारदा सदन या त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ ला एवढं रान उठलं की पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. म्हणजे तिकडे ही पुरेशी ख्रिस्ती नाही म्हणून राग आणि इकडे फारच ख्रिस्ती म्हणून राग. आता आपल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पडेल ही पालकांची भीती मला खोटी वाटत नाही, रमाबाईंना मुलींनी येशूकडे यावं असं वाटायचंच. पण केशवपन केलेल्या, घरात कोपऱ्यात पडलेल्या पोरींना शिकवायला तेव्हा कितीजण उभे होते हेही बघायला नको का?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या, पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठीचा त्यांचा आश्रम, त्यातूनच वाढलं. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण अशाच उपासमारीत गेलेले, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुठल्या ग्रंथातून शिकावं लागलं नाही. त्या पोरींना जेवायला घालणाऱ्या बाईची ट्रिनिटी पक्की आहे का हा प्रश्न मला तरी सुचणार नाही.

पण म्हणून सिद्धांत फालतू, असं त्या कधीच म्हणाल्या नसत्या. उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला वर्षानुवर्षं खपल्या, नुसती भावना पुरली असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता? त्यांचा राग विचार करण्यावर नव्हताच, आधी मान डोलाव मग तू आमची, या अटीवर होता. आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

जेराल्डिनबाईंबद्दलही एक सांगायला हवं, इतका वाद होऊनही त्यांनी रमाबाईंची पत्रं टाकून दिली नाहीत, नीट गोळा करून ठेवली, आणि तीच १९७७ साली छापून आली.