आरएक्स १३५: ब्लॉक एक, हेडं तीन

माझ्या यामाहा आरएक्स १३५ या टू-स्ट्रोक गाडीच्या इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर) पोर्टिंग होऊन, म्हणजे आतल्या वाटा घासून, परत आलाय. बोअर (सिलिंडरचा व्यास) स्टँडर्ड ५८ एमएम, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५०, म्हणजे १३२ सीसीच, तिथे काही गंमत केलेली नाही. गंमत सगळी हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात चाललीये. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे ना व्हॉल्व्ह ना कॅम, चार नट सोडले की हातात, म्हणून एका दुपारी सगळी लावून बघू असं वाटलं होतं आणि त्यात जानेवारीचा एप्रिल झाला.

ओळखायला पंचने ठिपके मारलेत. एक ठिपका म्हणजे स्टॉक, कंपनीचं जसंच्या तसं. दोन ठिपके म्हणजे दुसरं स्टॉक हेड, त्याचा फेस (खालचा सपाट भाग) लेथवर ०.८ एमएम उतरवला. या बोअरला अर्धा एमएम काढला की पिस्टन पूर्ण वर असताना हेडमध्ये उरणारी जागा साधारण १.३ सीसी कमी होते, त्या हिशोबाने स्टॉकच्या १५ सीसीचं १२.९ व्हायला पाहिजे. मी मोजलं तर ११.८! तडक भुसावळला मिस्तरींकडे, म्हटलं काका तुम्ही जास्त घेतलं. त्यांनी आधी चहा सांगितला, मग व्हर्निअर लावलं, माप बरोबर. "तू मोजलं कसं?" मी म्हटलं सिरिंजने तेल भरून, प्लगच्या भोकातून, गाडी साइड स्टँडवर. ते हसायलाच लागले. गाडी कलती, भोक सगळ्यात वर नाही, मग आत हवा अडकणारच ना भो, तेवढं तेल कमी गेलं. इंजिन सरळ करून, थोडं हलवून परत भरलं तर १३ च्या आसपास. चहाचे पैसे मी दिले.

हे दोन ठिपकेवालं जानेवारीत काय पळायचं! पण एप्रिलमध्ये, पारा ४३ ला, साधं ९१ ऑक्टेन पेट्रोल, तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड टाकल्यासारखे बारीक ठिपके, आणि पिस्टनची कड एका बाजूला खरखरीत, पॉलिश पेपर मारल्यासारखी. तिथेच गाडी बंद केली, ढकलत आणली.

मला वाटलं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) जास्त झालं, बस. मिस्तरी म्हणे तार टाकून बघ. सोल्डरची जाड तार पिस्टनच्या डोक्यावर, गजन पिनच्या (पिस्टन ज्या पिनवर बसतो तिच्या) रेषेत दोन्ही बाजूंना टाकायची (दुसरीकडे टाकली तर पिस्टन डुलतो आणि खोटं माप येतं), हेड कसायचं, किकने हळूच एक फेरा. बाहेर आलेली तार पाचरीसारखी, बाहेरच्या टोकाला १.० एमएम आणि आत १.६. म्हणजे फेस खाली आला पण स्क्विशचा, म्हणजे पिस्टनला अगदी जवळ येणाऱ्या हेडच्या कडेच्या पट्ट्याचा, उतार पिस्टनच्या डोक्याशी जुळतच नव्हता. कडेला पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ थरात दाबलं गेलं की ते मधे ढकललं जातं, पटकन जळतं, आणि कडेला जे उरतं ते दोन्हीकडच्या थंड धातूला चिकटून असल्यामुळे आपोआप पेटत नाही. माझ्याकडे त्या जागी मोकळी पाचर होती, तिथलंच मिश्रण स्वतःहून भडकत होतं.

म्हणून तीन ठिपके. मिस्तरींनी पिस्टन समोर ठेवून उतार तसाच कापला, मधली वाटी थोडी खोल केली. "एकदा कापलं का परत चिकटवता येत नाही, सांगून राहिलो," असं तीनदा ऐकवलं. तार आता सगळीकडे सपाट, १.० च. जागा १३.८, म्हणजे कॉम्प्रेशन ११.२ वरून १०.६ वर आलं, आणि तरी गाडी मिडरेंजला दोन ठिपक्यांपेक्षा जोरात ओढतेय, खडे वाजत नाहीत, प्लगवर मिरपूड नाही. स्टॉक हेडला तर स्क्विशची फट १.८ निघाली, ते परत लावायचा विषयच नाही.

एक लफडं राहिलंय, प्लग काळपट येतोय. उन्हाळ्याची हवा पातळ, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, म्हणून रविवारी मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर खाली. थंडी पडली की तो परत वर न्यायचा, नाहीतर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जाईल, हे टाकीवर टेप लावून आत्ताच लिहून ठेवलंय, साइड स्टँडवर तेल मोजणाऱ्या माणसाचा काय भरवसा.