झेब्रा लोचला व्हाईट स्पॉट: पश्चिम घाट टँकची नोंद

व्हाईट स्पॉट म्हणजे माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी आजार, तो माझ्या टँकमध्ये आला त्याची ही नोंद. आधी टँकची माहिती, म्हणजे पुढचे आकडे समजतील. तीन फुटी टँक, गोटे-लाकडं धरून आत साधारण 130 लिटर पाणी, खाली बारीक नदीची वाळू, दोन स्पंज फिल्टर आणि एक हँग-ऑन (काचेच्या कडेला लटकवायचा फिल्टर). मासे सगळे पश्चिम घाटातले, मलबार डॅनिओ, थोडे फिलामेंट बार्ब आणि झेब्रा लोच. खरं तर लोचसाठीच टँक उभा केलाय. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, हा आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या घाटाच्या नद्यांमधला मासा, जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या सापडत नाही, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला, आणि दुकानात येतात ते बहुतेक नदीतून पकडलेलेच. त्यामुळे एक गेला तर दुसरा आणू असं या माशाबाबतीत मला कधीच वाटत नाही, आहे तो वाचलाच पाहिजे.

नवीन आलेले लोच वेगळ्या टँकमध्ये दोन आठवडे ठेवून मगच मेन टँकमध्ये सोडले होते, तिथे अंगावर काही दिसलं नव्हतं. मग पुण्यात थंडी पडली आणि एका रात्री आमच्याकडे लाईट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. सकाळी पाणी 25 अंशांवरून 20 वर. क्वारंटाईनमध्ये मासा स्वच्छ दिसला तरी कल्ल्यांमध्ये थोडे परजीवी असू शकतात, माशाची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते, आणि असा थंडीचा झटका बसला की तेच वर येतात.

रविवार. पहिलं लक्षण ठिपका नव्हतंच. एक लोच फिल्टरच्या पाण्याच्या धारेखाली, वरच्या बाजूला जाऊन थांबला होता. लोच तळाचा मासा, दिवसाउजेडी वर येऊन एका जागी थांबणं त्याच्या स्वभावात नाही. कल्ल्यांची उघडझाप मोजली तर शेजारच्या धडधाकट लोचच्या जवळजवळ दुप्पट. बाकीचे अधूनमधून वाळूवर अंग घासून झटकन वळत होते. (लोच आडवा पडून झोपतो, ते आजारपण नाही, नवीन लोकांनी तेवढ्यावरून औषध ओतू नये ही कळकळीची विनंती.)

अंग घासतोय म्हणजे व्हाईट स्पॉटच असं नसतं. अमोनिया वाढला, नायट्राईट आला, नळाच्या पाण्यातला क्लोरीन राहिला, तरी मासे असेच घासतात, म्हणून आधी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, पीएच नेहमीचा. मग रात्री खोलीतला लाईट बंद करून टॉर्च तिरका मारून बघितलं. झेब्रा लोचवर ठिपके शोधणं अवघड असतं कारण अंगभर पिवळट-काळे पट्टे, त्यात पांढरा ठिपका हरवून जातो. पंख बघायचे, ते पारदर्शक असतात. शेपटीच्या पंखावर रव्याच्या कणाएवढे, सगळे साधारण एकाच मापाचे, जरा उठावदार चार-पाच ठिपके स्पष्ट दिसले. वेल्व्हेट (दुसरा एक परजीवी आजार) असता तर सोनेरी धुळीसारखी बारीक झाक दिसली असती. माझी शंका होती एपिस्टायलिसची, हा माशाच्या अंगावर चिकटून वाढणारा वेगळा सूक्ष्मजीव. तो दिसायला व्हाईट स्पॉटसारखाच, पण कण लहानमोठे आणि जास्त बाहेर आलेले असतात, कधी डोळ्यावरही येतात, आणि त्याच्यासोबत बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, म्हणजे पाणी तापवलं तर तो आजार उलट जोर धरतो. दोन्हीचा उपचार उलट्या दिशेचा आहे, म्हणून मला फोटोवरून अंदाज बांधून चालणार नव्हतं.

सोमवार. मित्र जुनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, त्याच्याकडे साधा कंपाऊंड मायक्रोस्कोप आहे, मायक्रोस्कोप तो घरीच घेऊन आला. ओल्या जाळीत लोच धरला, डोळ्याखाली काटा असतो त्याला जपून, आणि कव्हर स्लिपची कड शेपटीच्या बुडाशी डोक्याकडून शेपटीकडे एकदाच अलगद ओढली. जी चिकट बुळबुळ निघाली ती स्लाईडवर, वर टँकच्याच पाण्याचा थेंब. नळाचं पाणी घेऊ नका, क्लोरीनने जीव मरतात आणि मग काही हलत नाही. 100 पट मोठं करून बघितलं आणि लगेच सापडला, गडद तपकिरी गोळा, कडेने सगळीकडे केस थरथरतायत आणि पूर्ण गोळा सावकाश लोळतोय, एका बाजूने वळून दुसऱ्या बाजूला येतो तेव्हा आतलं घोड्याच्या नालेसारखं वाकडं केंद्रक दिसतं. ते केंद्रक दिसलं की वाद संपला. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे व्हाईट स्पॉटचाच परजीवी. आम्ही दोघं आळीपाळीने बराच वेळ बघत बसलो होतो, इतका देखणा जीव आहे तो.

आता उपचाराचं. या रोगाचं अख्खं गणित एका गोष्टीवर उभं आहे, दिसणारा ठिपका माशाच्या कातडीच्या आत असतो आणि तिथे त्याला कुठलंही नेहमीचं औषध पोचत नाही, मीठ नाही की मॅलेकाईट ग्रीन (बाटलीतलं नेहमीचं औषध) नाही. तो तिथे पोसतो, पिकला की सुटून खाली वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं होतात. ती पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात, दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मारायची ती ही पोहणारी पिल्लं. म्हणजे आपण माशाला औषध देत नसतो, पाण्याला देत असतो आणि तेही चक्र पुन्हा पुन्हा फिरून संपेपर्यंत. पाणी 24-25 ला असेल तर एक फेरा साधारण आठवड्याच्या आत होतो, थंड पाण्यात तो कितीतरी लांबतो, गरम पाण्यात तीन-चार दिवसांवर येतो. म्हणून तापवायचं, कारण लवकर पिकला की लवकर उघड्यावर येतो.

पण लोच डोंगरातल्या वाहत्या पाण्याचा. 25 ला पाण्यात जास्तीत जास्त विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास राहतो, 30 ला साडेसातच, आणि कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तो फरक जाणवतो. डिस्कस हा गरम पाण्यातला मासा पाळणारे 31-32 वर नेतात ते इथे करायचं नाही असं ठरवलं. 29 वर थांबायचं, जोडीला मीठ, आणि दोन जास्तीचे एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड). तापमान दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त चढवलं नाही.

औषधाच्या बाटलीचा विचार केला होता. मॅलेकाईट ग्रीन-फॉर्मलिनची जोडी काम करते यात शंका नाही, पण लोचचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले, अशा माशांना ते पूर्ण डोसात झेपत नाही म्हणून अर्ध्यावर द्यावं लागतं. कॉपरचं औषध तर माझ्या गोगलगायींसाठी विषच. मिथिलीन ब्ल्यू मेन टँकमध्ये घातला की फिल्टरचे बॅक्टेरिया धोक्यात येतात, तो वेगळ्या टँकसाठीच बरा. मीठ आधी, नाही जमलं तर अर्धा डोस, असा क्रम ठेवला.

मिठाचा हिशोब: लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 130 लिटरला 260 ग्रॅम, साधं खडेमीठ, किचनच्या वजनकाट्यावर मोजून. एकदम नाही घातलं, 65-65 ग्रॅमचे चार भाग दोन दिवसांत, प्रत्येक भाग बादलीत टँकच्या पाण्यात पूर्ण विरघळवून मग फिल्टरच्या धारेत हळूहळू. खडा तळाला पडला आणि लोच त्यावर बसला तर कातडी भाजते. लोचला मीठ अजिबात चालत नाही असं बरेच जण सांगतात, माझा अनुभव असा की सावकाश चढवलं तर एवढं चालतं, घाई केली तर नाही. मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती मिठाला टिकत नाहीत म्हणून ते वेगळ्या बादलीत, मासा नसलेल्या, दोन आठवडे. तिथे परजीवी आपोआप उपाशी मरतात. जावा फर्न तसाच ठेवला, त्याला काही झालं नाही.

बुधवार. ठिपके वाढले. आधी लोचपुरते होते ते आता बार्बच्या पंखांवर पण. इथे बहुतेक लोक घाबरून दुसरं औषध ओततात. हे ठिपके मिठाच्या आधीच कातडीत शिरलेले आहेत, तेव्हा दिसत नव्हते इतकंच, आता उबेत भराभर मोठे होऊन दिसायला लागलेत. मी काहीही बदललं नाही. रोज सकाळी वाळूवरून सायफन फिरवून साधारण 30 लिटर पाणी काढायचं, कवचं जेवढी निघतील तेवढी निघतात, आणि नवीन पाण्यात 60 ग्रॅम मीठ घालून 29 ला आणून परत. वाफ होऊन जे पाणी कमी होतं त्याच्या जागी मात्र साधं पाणी, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही. हे विसरलं की आठवड्यात मिठाचं प्रमाण कुठल्याकुठे जातं.

गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते आणि नळालाही पाणी नसतं, म्हणून बुधवारी रात्रीच दोन बादल्या भरून क्लोरीन काढून ठेवल्या, बॅटरीचा एअर पंप लावून ठेवला, लाईट गेल्यावर टँकला तीन बाजूंनी थर्माकोल आणि वर चादर. दुपारी लाईट आली तेव्हा पाणी एका अंशाने उतरलं होतं फक्त.

शुक्रवार. सगळ्यात लहान लोच गेला, तोच जो पहिल्या दिवशी धारेखाली थांबला होता. मासा मेला की परजीवी काही तासांत अंग सोडून जातात, म्हणून लगेच कल्ल्याचा एक तुकडा स्लाईडवर घेतला, मायक्रोस्कोप अजून घरीच होता. अंगावर मोजून थोडे ठिपके होते त्या माशाचं, पण कल्ल्याच्या झालरीत गोळेच गोळे, एकाला एक चिकटून, आणि झालर सुजून पांढुरकी पडलेली. मासा ठिपक्यांनी मरत नाही, गुदमरून मरतो. ठिपके कमी आहेत म्हणजे केस हलकी असं कोणी म्हणालं की मला आता ती स्लाईड आठवेल. फार वाईट वाटलं, खूप गोड मासा होता, हातातून ब्लडवर्म (माशांना खायला देतात त्या लाल अळ्या) घ्यायचा. त्या रात्री एअर पंप फुल केला आणि खाणं निम्म्यावर आणलं.

पुढचा आठवडा. रविवारपासून ठिपके भराभर कमी झाले, आधी डॅनिओ स्वच्छ, मग बार्ब, लोच शेवटी. कल्ल्यांची गती नेहमीवर आली, वाळूवर घासणं थांबलं, संध्याकाळी लोच परत एकमेकांच्या मागे लागून गोट्यांखालून फिरायला लागले, आणि खाताना त्यांचा तो टकटक आवाज ऐकू आला तेव्हा बरं वाटलं. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर सुद्धा 29 तापमान आणि मीठ पुढे दहा दिवस तसंच ठेवलं. कातडीवर काही नाही म्हणजे वाळूत काही नाही असं नसतं, आणि कल्ले तर आपल्याला दिसतच नाहीत. आजार उलटून येतो तो बहुतेक इथेच घाई केल्यामुळे.

आत्ताची स्थिती. तापमान रोज एक अंश उतरवत 25 वर आणलंय. मीठ काढायला वेगळं काही करत नाही, दर तीन-चार दिवसांनी पाव टँक साध्या पाण्याने बदलतोय. मॉस आणि हॉर्नवर्ट परत आत. वाचलेल्या माशांमध्ये या परजीवीविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, पण नवीन मासा आला तर त्याच्यात ती नसणार, म्हणून सध्या या टँकमध्ये भर नाही. क्वारंटाईन टँकमध्ये आता दोन आठवड्यांऐवजी चार, आणि तिथेही सुरुवातीपासून 28 ला ठेवणार, म्हणजे दडलेलं काही असेल तर तिथेच वर येईल.

एक गोष्ट राहिलीये. एका लोचचं पोट नीट खाऊनही आत ओढलेलं दिसतंय, पाठ वरून सुरीसारखी. ठिपके गेल्यावर ते लक्षात आलं. नदीतून पकडलेल्या लोचमध्ये आतड्यातल्या जंतांनी असं होतं, त्यावर लेव्हामिसोल वापरतात. त्याला वेगळ्या टँकमध्ये घेतलाय, आधी आठवडाभर नीट खाऊ घालून ताकद येऊ दे मग देईन. ज्यांनी झेब्रा लोचला लेव्हामिसोल दिलंय त्यांनी डोस काय ठेवला आणि किती दिवसांनी परत दिला ते सांगा.